मनोहर, तुझ्या कॅसेटी मी पुन्हा भरत होतो

मन्या, परवा तुझी तेरवी झाली आणि आज मी दुकान उघडलं. उघडलं म्हणजे काय, शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत घुसलो. बाहेर आरा मशीन सुरू होती, भुसा उडत होता, लाकडाचे ट्रक लागले होते. सारं लकडगंज आपापल्या कामाला लागलेलं. कोणाचं काही अडलं नाही बे तुझ्यावाचून. मला मात्र तुझ्या स्टुलावर बसवेना आणि माझ्याही स्टुलावर बसवेना. शेवटी जमिनीवर पेपर अंथरला आणि तिथेच बसून हे लिहून राहिलो.

शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे मधेमधे मले-तुले येईलच, त्याला इलाज नाही.

तेरवीला आलेले लोक एकच गोष्ट विचारत होते. ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, क्लीनर पत्र्यावर थापा मारत होता, चार माणसं चिल्लावली, मग मनोहरले आयकू कसं नाही आलं? ज्याच्या कानावर सारं दुकान चालत होतं, त्याले? कोणी म्हणालं, विचारात असेल. कोणी म्हणालं, वेळच आली होती बापा, वेळेपुढं कोणाचं चालते. मी पत्रावळ्या उचलत होतो.

मला माहीत होतं. दीड वर्षापासून तुझे कान जात होते. ते मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं, आणि तुला माहीत नव्हतं कारण मी ते होऊ दिलं नाही. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. पहिले तुला सांगतो. ऐकायला तू नाहीस हे मला कळतं, मी भैताड नाही. पण तू होतास तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही, आता कागदावर तरी निघू दे.

आपलं काम लोकांना कधी धड समजलं नाही. माझ्या सासऱ्यांना तर अजूनही वाटतं की जावईबापू कॅसेटी विकतात. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन यायचं, चिठ्ठीवर बारा-चौदा गाणी. एक जुन्या रेकॉर्डवरचं, दळणाच्या जात्यामागून यावं तसं हळू. दुसरं नव्या पिक्चरचं, सुरू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं असं. सरळ वायर जोडून कोऱ्या कॅसेटवर भरून दिलं तर ऐकणाऱ्याला दर गाण्याला उठून बटण फिरवायला लागणार. बाकीचे दुकानदार तसंच भरून द्यायचे आणि त्यांचीही दुकानं चालत होती. तुझं एकच म्हणणं होतं. माणूस घरी दिवाणावर पडून गाणे आयकून राहिला, तर त्याले बटनासाठी उठा लागू नये, बस. एवढ्यासाठी तू एकेक गाणं तीन-तीनदा ऐकायचास आणि वहीत लिहून ठेवायचास, या गाण्याला बटण पावणेचारवर, त्या गाण्याला साडेतीनला केसभर कमी. त्या वह्या माझ्यासमोर पडल्या आहेत. तुझं अक्षर काय घाण होतं रे.

मशीनला आवाज दाखवणारी सुई होती, पण तू तिच्यावर कागद चिकटवून टाकला होतास. का, तर सुई खोटं बोलते. ढोलकी आणि गळा दोन्हींना सुई सारखीच हलते, कानाला मात्र ढोलकी जास्त लागते. तुझं खरंच होतं. मी तो कागद हळूच वर करून पाहायचो, कारण मला तुझ्यासारखा कान नव्हता. तू मला 'सुईवाला' म्हणायचास, ते काही कौतुकानं नाही. आवाज आपोआप सारखा करणारं मशीन बाजारात आलं तेव्हा मी म्हटलं, घेऊन टाकू. तू म्हणालास, "ते मशीन गाणं थांबलं की शांततेलेही मोठं करते. पंखा, खोकला, सारं वर आणते. मशीनले काय समजते गा? हे दोन कान आहेत तोवर दुकान आहे." हे तू छाती काढून बोलला होतास आणि मलाही ते फार आवडलं होतं. तेव्हा कोणाला माहीत होतं!

आणि आपलं ते भांडण. मी म्हणायचो, हळू गायलेलं हळूच राहू दे. गाणाऱ्यानं काही विचार करून हळू गायलं असेल ना?

"अबे, अंगाई आणि बँडबाजा एकाच मापानं मोजून राहिला तू," मी म्हटलं.

"मी मोजत नाही. मी त्याईले एका पंगतीत बसवतो."

"पंगतीतही लहान पोराच्या पानात भात कमीच वाढतेत."

"भात कमी वाढतेत. पान तर तेवढंच मांडतेत ना बे?"

यावर मला उत्तर सुचायला चार दिवस लागले. सुचलं तेव्हा मी पळत आलो, तर तू म्हणालास, "आता काम करू दे, उद्या बोलू." ते उत्तर मी आता विसरलो. देवाशपथ विसरलो. दोन आठवडे झाले आठवायचा प्रयत्न करतोय.

मला पहिल्यांदा शंका आली ती कूलरवरून. तुला आठवतं, मे महिन्यात आपण काय हाल काढायचो! बाहेर नागपूरचं ऊन, वर पत्र्याचं छत, आणि तू भरायला बसलास की कूलर बंद. त्याची घरघर तुझ्या कानात जायची. गळ्यात ओला टॉवेल टाकून आपण दोघं उकडत बसायचो. आरा सुरू असली की तर तू हातच लावायचा नाहीस कामाला. दुपारी आऱ्यावरचे मजूर डबे सोडायचे, तेव्हा गल्ली शांत व्हायची आणि तू म्हणायचास, आता लाव. आऱ्याशेजारची ही जागा मीच शोधली होती. हवेशीर आहे म्हणून तुझ्या गळ्यात मारली. सात वर्षं त्या कानठळ्या बसवणाऱ्या आऱ्याशेजारी तुला बसवला. तुझ्या कानांचं काय झालं ते डॉक्टरनं सांगितलेलं नाही, पण मला काही डॉक्टर लागत नाही.

तर मागच्या वर्षीच्या मे महिन्यात मी बाजारातून आलो आणि पाहतो तर कूलर धाडधाड सुरू, आणि तू आरामात भरून राहिलास. मला आनंद झाला. मी म्हटलं, "बरं झालं बे, अक्कल आली तुले." तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, चिडला असेल. मग आठ दिवसांनी आरा सुरू असताना तू भरत होतास. लाकूड किंचाळत होतं आणि तू डोळे मिटून, मान हलवत, पावणेपाच, पावणेपाच असं पुटपुटत बटण वर नेत होतास. तेव्हा मला समजलं, तुझे कान जाऊन राहिले.

मग ते गिऱ्हाईक आलं. तू जेवायला घरी गेला होतास. "भाऊ, हे कॅसेट चिल्लावते," ते म्हणालं, "पहिल्या गाण्यापासून चिल्लावते. मनोहरभाऊचं काम असं नसते." मी कॅसेट लावली. मन्या, बटण सगळं खाली आणलं तरी गळा फाटल्यासारखा येत होता. सुईवरचा कागद वर केला तर सुई लाल रेघेपलीकडे जाऊन पडलेली, परत येतच नव्हती. मी म्हटलं, "आमच्या वायरमध्ये काही गडबड झाली असंल. उद्या घेऊन जा." आणि तू यायच्या आत, तुझीच वही उघडून, तुझ्याच रेकॉर्डी लावून, मी ती कॅसेट पहिल्या गाण्यापासून पुन्हा भरली. जुने आकडे वहीत होतेच. तुझ्या धडधाकट कानांचे आकडे. त्यावरून तुझ्या गेलेल्या कानांची चूक मी निस्तरली. तू आलास आणि म्हणालास, "काय करून राहिला?" मी म्हटलं, "काही नाही, मशीनचं हेड साफ करून राहिलो."

तिथून रोजचंच झालं. तू जेवायला गेलास की एक कॅसेट, संध्याकाळी तू सायकल काढलीस की एक. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही, हे तुला काय सांगू. पुन्हा भरलेल्या कॅसेटच्या लेबलखाली मी पेन्सिलीचा ठिपका द्यायचो, गोंधळ होऊ नये म्हणून. तू कधी विचारलं नाहीस. बायको विचारायची, एवढा उशीर काहून होते? मी सांगायचो, काम वाढलं. काम वाढलंच होतं ना!

आणि लोक खूश. "मनोहरभाऊसारखा कान नाही लकडगंजात." तुझ्यासमोर म्हणायचे. तू लाजायचास आणि माझ्याकडे पाहायचास. एकही तक्रार तुझ्यापर्यंत पोहोचली नाही, मग तुला कळणार कसं? तुला वाटायचं, रेकॉर्डवालेच आजकाल हळू भरतात. तुला वाटायचं, मीच पुटपुटतो. "तोंड उघडून बोल ना बे, सुपारी आहे का तोंडात?" मग मी तुझ्या समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलायला लागलो. तेही तुला दिसलं नाही. मी इतकं बेमालूम केलं, मन्या, की माझीच मला लाज वाटते.

खाप्याचं काम त्याच काळात आलं. तिथल्या भजनी मंडळाचे गुलाबराव, म्हातारा विणकर माणूस, एक ट्रंक भरून टेप घेऊन आले होते. वीस-बावीस वर्षांची भजनं, कोणी ओट्यावर भरलेली, कोणी देवळात, कोणी लग्नघरी. एकात नुसती टाळ, दुसऱ्यात मृदंग, आणि सगळ्यात जुन्या टेपवर गुलाबरावांचे वारलेले मोठे भाऊ गाताहेत, पण ते माइकपासून इतके लांब की आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. मंडळाला सहा कॅसेटी पाहिजे होत्या, एकसारख्या, म्हणजे लावून ठेवलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाला उठायला नको. तू हरखून गेलास. असं काम सात वर्षांत आलं नव्हतं. उरलेल्या टेप आणायला आपण दोघं एसटीनं खाप्याला गेलो. परत येताना बस चुकली आणि आपण कन्हानच्या काठावर बसलो होतो.

तिथं मी सांगणार होतो. मनात वाक्य जुळवून झालं होतं. नदीवर बाया धुणं आपटत होत्या, आणि तू म्हणालास, "कशी शांत नदी आहे नाही?" मला धोपटण्याचे दणके ऐकू येत होते. मी म्हटलं, "मन्या, एक गोष्ट आहे." तू माझ्याकडे पाहिलंस. काय वाटलं तुला कोण जाणे, माझ्या खांद्यावर हात टाकून तू आपणहून बोलायला लागलास, "दिग्या, हे काम पाह्य तू. लोकं नाव काढतीन. माह्ये डोळे गेले तरी चालते, पाय गेले तरी चालते, तू मले खांद्यावर आणून बसवजो दुकानात. हे कान तेवढे राहू दे म्हणा देवाले. कान गेले तर मले सरळ जाळून टाकजो."

"काय बोलून राहिला फालतू," मी म्हटलं.

"तू काय सांगत होता?"

"काही नाही. भूक लागली म्हणत होतो."

तू हसलास आणि आपण मुरमुरे घेतले. त्या मुरमुऱ्यांची चव अजून माझ्या तोंडात आहे आणि मला थुंकून टाकावंसं वाटतं.

पण मी अगदीच हात बांधून बसलो नव्हतो. हे माझ्या बाजूनं एकच सांगण्यासारखं आहे, तेही ऐकून तू हसशील. रामदासपेठेतल्या कानाच्या डॉक्टरकडे मी नंबर लावला. तुला सांगितलं, माझा कान दुखते, एकट्याला भीती वाटते, सोबत चल. बेत असा होता की आत गेल्यावर सहज म्हणायचं, डॉक्टरसाहेब, आलोच आहोत तर याचेही पाहून टाका. तू आलास. बाहेर बाकावर बसून कंपाउंडरला हसवत राहिलास. माझा नंबर आला, मी आत गेलो. डॉक्टरनं माझ्या कानात पाणी मारलं, वाटाण्याएवढा मळ काढला आणि म्हणाले, कान उत्तम आहे. मी दारापाशी आलो. तू उभा राहिलास आणि घाबऱ्याघाबऱ्या विचारलंस, "काय म्हणाले?" तुझ्या तोंडावर माझी काळजी होती, मन्या. आत बोलवायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "मळ होता." पुढचे आठ दिवस तू गल्लीत प्रत्येकाला सांगत होतास, आमच्या सुईवाल्याच्या कानातून डॉक्टरनं आख्खं वावर काढलं. लोक हसले, मीही हसलो.

आता त्या दिवसाचं. खाप्याच्या पाच कॅसेटी तू पूर्ण केल्या होत्यास आणि त्या पाचही मी पुन्हा भरल्या होत्या. सहावी तू आदल्या दिवशी संपवलीस, गुलाबरावांच्या भावाची. दुपारी तू जेवायला गेलास. मी कोरी कॅसेट घातली, हेडफोन कानाला लावले आणि पहिल्यापासून सुरू केलं. डबे सोडायची वेळ होती. आरा बंद. गल्लीत इतकी शांतता की कोणी पानाची पिचकारी टाकली तरी ऐकू यावी. तू त्या दिवशी घरून लवकर निघालास. काहून निघालास बे लवकर? रोज दीड तास लावायचास जेवायला.

सागाचे ओंडके भरलेला ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरची चूक नाही, मी पोलिसांनाही तेच सांगितलं. तो हॉर्न दाबून धरून होता. क्लीनर ओरडत होता. आऱ्यावरचे मजूर हातात भाकर घेऊन उठून उभे राहिले आणि ओरडले. पानवाला ओरडला. तू नीट चालत होतास, ट्रककडे पाठ, आपल्या नादात. साऱ्या गल्लीनं तो हॉर्न ऐकला. ऐकला नाही तो फक्त दोघांनी. तू, आणि कानांवर हेडफोन घालून तुझी चूक झाकत बसलेला मी. पानवाल्यानं येऊन माझा खांदा हलवला तेव्हा माझ्या कानात भजन सुरू होतं.

मी तुला काय म्हणू? माफ कर म्हणू? शेजाऱ्याचा तवा जाळला तर माणूस माफी मागतो. मी दीड वर्ष रोज, नेमानं, दोनदोन तास बसून तुला बहिरा ठेवला. तुला कळलं असतं तर तू रडला असतास, चार महिने दुकानात पाय ठेवला नसतास, मला शिव्या दिल्या असत्यास. आणि रस्त्यानं चालताना मागे वळून पाहायला शिकला असतास. बहिरी माणसं जगतात, मन्या. दर आळीत एक असतो. मान वळवत, कडेकडेनं चालत, सत्तर-ऐंशी वर्षं जगतात. तुझी इज्जत राखायला गेलो आणि हे करून बसलो. आणि खरं सांगू? नुसती तुझी इज्जत नव्हती. तू कोसळलेला मला पाहवला नसता. मी भेकड आहे, बाकी काही नाही.

कधीकधी तुझाच राग येतो. तू तरी काहून ओळखलं नाही बे? जो माणूस ढोलकी आणि गळ्यात केसाचा फरक ओळखत होता, त्याला चिमण्या गप्प झालेल्या समजल्या नाहीत? मग वाटतं, समजायला काही तरी खटकावं लागतं ना. मी काहीच खटकू दिलं नाही.

तुझ्या त्या सहाव्या कॅसेटचं सांगायचं राहिलं. मी भरत होतो ती अर्धवटच राहिली. तिला पुन्हा हात लावायची माझी हिंमत नाही. गुलाबराव तुझ्या आठव्या दिवशी भेटायला आले तेव्हा मी पाच माझ्या दिल्या आणि सहावी तुझी दिली, तशीच, चिल्लावणारी. तेरवीला ते पुन्हा आले. माझा हात धरून म्हणाले, "बाप्पा, मंडळातले आमी सारे म्हातारे झालो. पयले पाच कॅसेट हळू येतेत, कान लावून आयका लागते. पन ते सहावं! माह्या भाऊचा आवाज असा आला का तो बाजूले बसून गाऊन राहिला. मनोहरनं काय काम केलं बाप्पा!" आणि म्हातारा रडायला लागला. हे तुला सांगायला पाहिजे असं मला फार वाटलं. आपल्या दोघांत नीट भरलेली एकच निघाली, आणि ती तुझी.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. मग लेखणी खाली ठेवली आणि तुझ्या घरी गेलो. मनाशी ठरवलं होतं की आज कुसुमवहिनींना सगळं सांगायचं. नवरा कशानं गेला हे त्यांना कळलंच पाहिजे, मग त्यांनी मला दारातून हाकललं तरी चालेल. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुझी बेबी शाळेत गेली होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्याच बोललो. म्हटलं, "वहिनी, मन्याले आयकू येत नव्हतं. दीड वर्षापासून. मले माहीत होतं आणि मी सांगतलं नाही." कॅसेटींचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, नदीवरचं सांगितलं.

वहिनींचे हात सुपात थांबले. मग म्हणाल्या, "तुमाले माहीत होतं, भाऊजी?"

"हो."

"मले वाटलं, मलेच माहीत आहे."

मला आधी समजलंच नाही त्या काय म्हणाल्या. मी तसाच उभा. त्या खाली पाहून बोलत होत्या. "दोन वर्षं झाले असतीन. कुकरची शिट्टी याईले आयकू येत नव्हती. मी बेबीले शिकवलं, बाबाले हाक नाही माराची, शर्ट ओढाचा. हे घरी याच्या आंधी मी रेडिओ मोठा करून ठेवत होती, म्हंजे याईले बटन फिरवा नाही लागलं पाहिजे. शेजारीण म्हने, काहून वं एवढ्या जोरात लावते? मी म्हनो, मलेच कमी आयकू येते."

"पण वहिनी, मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले कसं सांगू? याईचं सारं कानावर होतं. तुमाले समजलं असतं तर तुमी दुकानातून काढलं असतं त्याईले, असं वाटे. तुमच्यासमोर तर मी लय जपो." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "एक दिवस मले म्हनत होते, कुसुम, दिग्या आजकाल लय हळू बोलते वं. त्याच्या छातीत काही झालं का? तो सांगत नाही, पन त्याले डॉक्टरले दाखवा लागते. मी म्हटलं, हो, थकले असतीन."

मी खाली बसलो. मधे सूप, तांदूळ, इकडे मी आणि तिकडे त्या. दुकानात मी आणि घरी त्या, दोघांनी मिळून तुझ्याभोवती असं काही लिंपून टाकलं होतं की एक फट राहिली नाही. दोघांनाही वाटत होतं आपण तुला वाचवून राहिलो. वहिनींनी डोळे पुसले आणि मला विचारलं, रागानं नाही, अगदी साधं, बेबीनं एखादी गोष्ट विचारावी तसं विचारलं:

"मंग त्याईले सांगाचं होतं कोनं, भाऊजी?"

मी उठलो, चपला घातल्या, दुकानात आलो. आता समोर कोणी नाही. आरा बंद आहे, डबे सुटले आहेत. मी आत्ताच, लिहिणं थांबवून, तोंडानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. म्हणता येतं रे. काहीच कठीण नाही. मन्या, तुले आयकू येत नाही बे.